चिठ्ठीबाहेरचा प्रश्न

गेनोवेवा त्सांकोवाला आमच्या कॉलेजात एकही मित्र नव्हता, आणि त्याची तिला खंत आहे असं मला कधी दिसलं नाही. मी यंत्रशास्त्र शिकवतो, ती गणित शिकवायची. जागा कमी म्हणून आम्हा दोघांना एकच खोली दिलेली. सकाळी आली की ती आधी खिडकी सताड उघडायची, भर जानेवारीतसुद्धा, आणि डॅन्यूब नदीवरचं बोचरं वारं थेट माझ्या मानेवर यायचं. थंडी वाजतेय म्हटलं की म्हणायची, "मग डोकं चालव, ओग्न्यान. गरम होशील."

ती राझग्रादकडच्या एका खेड्यातली. बाप ट्रॅक्टर चालवायचा, आई तंबाखूच्या शेतात राबायची. गणितात हुशार निघाली म्हणून आमच्या कॉलेजात आली, इथेच शिकली आणि इथेच नोकरीला लागली. लावलं ते प्रोफेसर मिल्को ब्रादिनोव यांनी. मी कॉलेजात रुजू झालो तेव्हाही ब्रादिनोवच गणित विभागाचे प्रमुख होते. उंच, ताठ माणूस, बारा महिने करडा सूट. हातात कागदाचा कपटा न घेता वर्गात शिरायचे, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पहिली ओळ लिहायचे आणि घंटा होता होता उजव्या कोपऱ्यात शेवटचा पूर्णविराम द्यायचे. मधे कुणी खोकलं तर थांबून त्याच्याकडे रोखून बघायचे. त्यांच्या वर्गात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. मुलं उतरवून घ्यायची, घरी जाऊन घोकायची, आणि सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेला टेबलावर पालथ्या मांडलेल्या चिठ्ठ्यांतली एक उचलायची. चिठ्ठीवर एक प्रमेय. ते सिद्धतेसकट म्हणून दाखवायचं. बिनचूक म्हटलं तर सहा, म्हणजे सगळ्यांत वरचा गुण. अडखळलं तर दोन, म्हणजे नापास. निम्मा वर्ग दोन घेऊन बाहेर पडायचा आणि ब्रादिनोव ते मिशीला पीळ दिल्यासारखं सांगायचे. "मी दरवाजा आहे. गाढवं आत सोडायला मला नेमलेलं नाही."

गेनोवेवाही असंच शिकवायची. तिचंही नाव मुलांमध्ये भीतीनेच घेतलं जायचं. मग एका जूनमध्ये तिच्या तोंडी परीक्षेला दुसरा माणूस हवा म्हणून मला शेजारी बसवलं, आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दारिना नावाची मुलगी आत आली. गावातल्या दातांच्या डॉक्टरची मुलगी, केस चापूनचोपून बांधलेले, इस्त्रीचा पांढरा ब्लाउज. तिला मध्यमूल्य प्रमेयाची चिठ्ठी आली. तिने ते फळ्यावर असं मांडलं की कुठे कानामात्रा चुकली नाही. गेनोवेवाने सहा लिहायला पेन उचललं आणि तसंच हवेत धरलं.

"बरं. आता मला सांग, एक ट्रक इथून वार्नाला निघाला. पोचल्यावर हिशेब केला तर सरासरी वेग ऐंशी निघाला. मग वाटेत कधी ना कधी त्याचा काटा बरोबर ऐंशीवर आला असणार, की नाही?"

दारिनाने हातातली चिठ्ठी उलटून पाहिली. "मॅडम, हे या चिठ्ठीत नाही."

"आहे. आत्ता तू तेच सिद्ध केलंस."

"मी ट्रकचं काही केलं नाही."

"मग कशाचं केलंस?"

"फंक्शनचं."

"फंक्शन म्हणजे काय गं? चीज भरलेल्या बानित्सात घालून खातात का?"

दारिनाचा चेहरा लाल झाला. ती पुन्हा पहिल्यापासून प्रमेय म्हणू लागली. तेच शब्द, त्याच जागी थांबणं. अर्ध्यावर आल्यावर तिला रडू फुटलं. गेनोवेवाने तिला पाणी दिलं नाही की धीर दिला नाही. तिने तीन गुण, म्हणजे जेमतेम पास, लिहिले आणि दाराकडे बोट केलं. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तिने चिठ्ठीबाहेरचा एक साधा प्रश्न विचारला. संध्याकाळपर्यंत एकालाही सहा मिळाले नव्हते, आणि बाहेर मुलं भिंतीवर लाथा मारत होती.

खोलीत परतल्यावर ती खिडकीजवळ उभी राहिली. खिडकी उघडायचं मात्र विसरली.

"ती 'म्हणून आता आपल्याला असं दिसतं' म्हणायच्या आधी थांबली, ऐकलंस?" ती म्हणाली. "मी तिथेच थांबते. माझा श्वास तिथे संपतो. तिने माझा श्वाससुद्धा पाठ केला होता."

"चांगली विद्यार्थिनी आहे मग."

"मूर्खासारखं बोलू नकोस. तो श्वास माझाही नाही. ब्रादिनोव तिथे थांबतात. वीस वर्षं मी त्यांचा श्वास घेतेय." तिने पर्स उचलली. "आणि ट्रकचं मलाही आज पहिल्यांदाच सुचलं. वीस वर्षांत पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी दारिनाचे वडील आले. दार न ठोकता आत शिरले.

"त्सांकोवा कोण? तुम्ही? माझी मुलगी काल जेवली नाही!"

"उन्हाळा आहे. चालतं."

"तिने सगळं पाठ केलं होतं! एकूण एक ओळ!"

"हो, तोच तिचा आजार आहे. तुम्ही दात काढायचं पाठांतराने शिकलात का?"

"तुम्ही मला माझा धंदा शिकवू नका!"

"बरं. पाठांतराने शिकला असाल तर मी तुमच्या खुर्चीत बसणार नाही."

"बसूच नका, बाई! तुमची दाढ मी बधिर न करता उपटेन!"

ते दार आपटून गेले. गेनोवेवा मला म्हणाली, "माणूस सरळ आहे. मुलीपेक्षा बरा बोलतो."

त्या उन्हाळ्यात ती कुठे गेली नाही. ती आणि तिची आई कॉलनीतल्या सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. आई बाल्कनीत भाजलेल्या मिरच्या सोलत बसायची आणि ही आत प्रश्न तयार करत बसायची. सप्टेंबरमध्ये विभागाच्या बैठकीत तिने सांगितलं की पहिल्या वर्षाचा एक वर्ग ती वेगळ्या रीतीने शिकवणार. आधी प्रश्न, मग प्रमेय. मुलं उभी राहून, चौघा-चौघांच्या गटात. संख्याशास्त्राचे आकडे पुस्तकातले नाहीत, मुलांनी स्वतः जमवलेले.

ब्रादिनोव तिचं बोलणं संपेपर्यंत खडू बोटांत फिरवत होते. "मी ट्रकविषयी ऐकलं," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी या इमारतीत गणित ठेवलं. तू गॅरेज काढतेस."

"गॅरेजमध्ये निदान काहीतरी चालू होतं, प्रोफेसर."

"तुला माणसांत कुणी आणलं ते लक्षात आहे ना?"

"आहे. तुम्ही मला टेप रेकॉर्डर बनवलंत. चांगल्या प्रतीचा."

बैठकीतले बाकीचे आपापल्या कॉफीत बघू लागले. मीही. ब्रादिनोव उठले आणि शांतपणे म्हणाले, "घे तुझा वर्ग. सत्राच्या शेवटी मीच परीक्षा घेईन त्यांची."

तिच्या वर्गात फळा एकच होता. तिने तळघरात पडलेले जुने दरवाजे शिपायांकरवी वर आणवले, स्वतःच्या हातांनी त्यांना काळा रंग दिला आणि तिन्ही भिंतींना टेकवून उभे केले. मुलं त्या दरवाजांवर खडूने लिहायची, भांडायची, पुसायची. ती मधून फिरायची. कुणी विचारलं, "मॅडम, बरोबर आहे का?" की म्हणायची, "मला काय विचारतोस? शेजारणीला पटव. ती माझ्यापेक्षा भोळी आहे."

नव्या पद्धतीने शिकवणारी माणसं मऊ, हसतमुख असतात असा एक समज आहे. गेनोवेवा तशी नव्हती. चुकीचं उत्तर आलं तर ती ते मोठ्याने वाचून दाखवायची. "बघा, या चौघांच्या मते नदी उताराच्या उलट वाहते. टाळ्या." एकाला ती 'भोपळा' म्हणायची, दुसरीला 'सावळागोंधळ'. मुलांना तिचा राग यायचा आणि तो त्यांना लपवावासाही वाटायचा नाही. माझ्या खोलीच्या दाराबाहेर मी ऐकायचो, "ही बाई शिकवतच नाही. सगळं आपल्यालाच करावं लागतं. मग हिला कशाला ठेवलंय?" दारिनाही त्याच वर्गात होती. तीन गुणांवर समाधान नाही म्हणून तिने विषय पुन्हा घेतला होता, आणि ती रोज पहिल्या ओळीत उभी राहून गेनोवेवाकडे खुनशी नजरेने बघायची.

नोव्हेंबरमध्ये बाईंनी वर्ग उचलून ट्रॉलीबसच्या थांब्यावर नेला. वेळापत्रकाप्रमाणे दर दहा मिनिटांनी गाडी. मग थांब्यावर येणारा माणूस सरासरी पाच मिनिटं थांबत असेल ना? मुलं पाळीपाळीने उभी राहिली. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला किती वेळ थांबलात ते विचारत राहिली, लिहीत राहिली. वारं असं की शाई गोठावी. म्हाताऱ्या त्यांना पोलीस समजून शिव्या देत होत्या. एका ड्रायव्हरने गाडी थांबवून दारातूनच ओरडून विचारलं, "माझ्यावर पाळत ठेवता? कुणी पाठवलं तुम्हाला?"

"आकड्यांनी," कुब्रात नावाचा एक आडदांड मुलगा म्हणाला. तो सिलिस्त्राकडचा होता. ड्रायव्हरने त्याच्या दिशेने सफरचंदाचा गाभा भिरकावला.

आकडे आले ते सात-आठ मिनिटांचे. गाड्या मात्र दिवसभरात ठरल्या तेवढ्याच गेल्या होत्या. वर्गात मोठा तंटा झाला. निम्म्यांचं म्हणणं, मोजायला चुकलो. उरलेल्यांचं म्हणणं, म्हातारी माणसं खोटं बोलतात. गेनोवेवा खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.  शेवटी दारिनानेच चिडून खडू उचलला. "अरे, गाड्या सारख्या अंतराने येतच नाहीत! दोन पाठोपाठ येतात, मग कितीतरी वेळ एकही नाही. आणि बहुतेक माणसं त्या लांब रिकाम्या वेळातच थांब्यावर येणार ना! तो वेळ मोठा आहे, म्हणून त्यात माणसंही जास्त सापडणार. सरासरी गाड्यांची काढायची की माणसांची, हे कुणी विचारलं का?"

 गेनोवेवाने बियांची टरफलं कागदात गुंडाळली. "पाच महिने लागले तुला बोलायला," ती म्हणाली.  दारिनाने खडू खाली आदळला, पण मी दारातून पाहिलं, ती पाठ वळवून हसत होती.

माझ्यापुरतं म्हणाल तर गेनोवेवाच्या वर्गातल्या पोरांनी मला छळलं. मी यंत्रशास्त्राचं सूत्र लिहिलं की हात वर. "सर, हे का?" "सर, हे वजन दुप्पट झालं तर?" माझा तास संपेना. मी तिला म्हटलं, "तुझ्या पोरांना आवर." ती म्हणाली, "तुला उत्तरं येत नाहीत का?" काही प्रश्नांची येत नव्हती, हे खरं. मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सत्र संपायच्या आधी वर्गातली बरीच मुलं मिळून डीनकडे गेली. आम्हाला जुन्या पद्धतीने शिकवा, नाहीतर ब्रादिनोवसरांच्या परीक्षेत आम्ही सगळे मरणार, असं त्यांचं म्हणणं. डीन बिचारा कुणालाच दुखवायचा नाही. त्याने मुलांना सांगितलं की तुमचं बरोबर आहे, गेनोवेवाला सांगितलं की तुझं बरोबर आहे, आणि ब्रादिनोव यांना सांगितलं की परीक्षा तुम्हीच घ्या.

परीक्षेच्या दिवशी मी खोलीत होतो. अकराच्या सुमाराला कुब्रात दारात आला. गेनोवेवासमोर उभा राहिला.

"मॅडम, ते सगळ्यांना दोन देतायत. आत्तापर्यंत एक जण वाचलाय. सिद्धता येते, पण त्यांच्या शब्दांत म्हटली नाही तर 'पुढचा' म्हणतात. दारिनाने स्वतःच्या शब्दांत केली. पूर्ण बरोबर होती, मी बघितलं. दोन."

गेनोवेवा उठली. कोट न घालताच निघाली. मी पाठोपाठ गेलो. तिला अडवायला गेलो, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला बघायचं होतं.

परीक्षेच्या खोलीचं दार तिने उघडलं तेव्हा आत सात-आठ मुलं आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. ब्रादिनोव टेबलामागे, ताठ. तिने मुलांच्या खुर्चीत बैठक मारली.

"मला चिठ्ठी द्या."

"बाहेर जा."

"मीही पहिल्या वर्षाचीच समजा. द्या चिठ्ठी."

तिने स्वतःच एक उचलली, वाचली, फळ्यापाशी गेली आणि प्रमेय सिद्ध केलं. ब्रादिनोवच्या शब्दांत, ब्रादिनोवच्या श्वासासकट. मग ती वळली.

"सहा ना?"

त्यांनी टेबलावरच्या उरलेल्या चिठ्ठ्या सरळ केल्या.

"आता तुम्ही उचला, प्रोफेसर."

"तुझं डोकं फिरलंय."

"उचला. की पोरांसमोर भीती वाटते?"

ब्रादिनोवचे कान लाल झाले. त्यांनी हात पुढे करून एक चिठ्ठी उलटली, न बघितल्यासारखी बघितली आणि फळ्यापाशी गेले. बंद, म्हणजे दोन्ही टोकं धरलेल्या, अंतरालावरचं संतत, म्हणजे मधे कुठे न तुटणारं, फंक्शन आपली सर्वांत मोठी किंमत गाठतंच, हे ते प्रमेय. त्यांनी ते डाव्या कोपऱ्यातून सुरू करून उजव्या कोपऱ्यात संपवलं. एक अक्षर पुसलं नाही.

"शाबास," गेनोवेवा म्हणाली. तिच्या आवाजात विष होतं. "आता सांगा, अंतराल बंदच का हवा? टोकं काढून टाकली तर काय बिघडतं? हे चिठ्ठीत नाही."

मला वाटलं, आता म्हातारा अडकणार. तिलाही तेच वाटलं असणार, कारण ती हसत होती. 

ब्रादिनोवनी खडू बदलला. मग फळ्यावर एक चढण काढली.

"हा डोंगर," ते म्हणाले. "आणि शिखराचा दगड कुणीतरी उचलून नेलाय. नुसता तोच एक दगड. आता चढ. जिथे पाय ठेवशील तिथून थोडं वर जायला जागा आहे. तिथून अजून थोडं वर. चढत राहा. तुझ्यावर नेहमी कुणीतरी असेलच, आणि सगळ्यांच्या वर मात्र कुणीच नाही." त्यांनी शिखराच्या जागी पोकळ वर्तुळ काढलं आणि त्यावर बोट टेकवलं. "जी जागा सगळेजण शोधतायत ती तिथे नाहीच. म्हणून टोक हवं."

ते थांबले नाहीत. टोकं ठेवली पण मधेच डोंगर तुटला तर काय, हे त्यांनी काढून दाखवलं. मग सांगू लागले: वसतिगृहात शेगडी नसलेल्या खोलीत, अंगावर दोन घोंगड्या घेऊन त्यांनी एक अख्खा हिवाळा या एका गोष्टीवर काढला होता. पहिल्यांदा उलगडलं तेव्हा ते सदऱ्यावरच बाहेर बर्फात धावत सुटले होते.  सुटाच्या बाहीवर खडू लागला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. इतक्या वर्षांत त्या माणसाला फळ्याकडे पाठ करून उभं राहिलेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

गेनोवेवाचं हसू कधीच गेलं होतं. ती खुर्चीत पुढे झुकली होती, लहान मुलीसारखी.

मग कुब्रात, दारात उभा होता तो, म्हणाला, "सर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत आम्हाला?"

ब्रादिनोवनी त्याच्याकडे बघितलं. झोपेतून उठवल्यासारखं.

"मला कुणी सांगितलं होतं?" ते म्हणाले. "कुणी? मी एकट्याने मिळवलं ते. हाडं गोठवून मिळवलं. ते माझं आहे. तुम्हाला काय, फुकट पाहिजे?" त्यांनी फळा पुसला. पूर्ण पुसला, पोकळ वर्तुळासकट. "त्सांकोवाबाई, बाहेर. आणि तू, नाव काय तुझं? तुझी पाळी."

कुब्रातला दोन मिळाले.

परत येताना जिन्यावर गेनोवेवा मधेच खाली बसली, मुलंमाणसं जात-येत असताना.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "ओग्न्यान, त्याला सगळं माहीत होतं. मी समजत होते की त्याला येत नाही म्हणून तो सांगत नाही. मी त्याला माफही केलं असतं." तिने तोंडावर हात घेतला. "मी त्याच्या पुढ्यात पाच वर्षं बसले. मला त्याने तो डोंगर दाखवला नाही. मलाही नाही."

ती रडते की काय म्हणून मी रुमाल काढला. तिने तो झटकून टाकला आणि उठून गेली.

ब्रादिनोवनी वरपर्यंत तक्रार केली. परीक्षेत अडथळा, वरिष्ठांचा अपमान, वगैरे. खोटं त्यात काहीच नव्हतं. तिच्याकडून पहिलं वर्ष काढून घेतलं आणि तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, नर्स आणि सुइणींच्या शाखेत संख्याशास्त्र शिकवायला पाठवलं. कॉलेजच्या परिषदेतली तिची जागा तेवढी राहिली, कारण ती निवडणुकीने मिळालेली होती. काळे दरवाजे परत तळघरात गेले. दारिना पुढच्या परीक्षेत ब्रादिनोवच्या शब्दांत सिद्धता म्हणून पास झाली. नंतर तिने मला सांगितलं, "सर, पाठ करायला दोन दिवस लागले. समजलेलं असलं की पाठ पटकन होतं." कुब्रात तिसऱ्यांदाही नापास झाला आणि कॉलेज सोडून गेला. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

काही वर्षांनी डीन बदलला. नवा डीन सुधारणावाला होता. त्याने तोंडी परीक्षा बंद करायची ठरवली. आता चार पर्याय, एकावर खूण, मशीन तपासणार. परिषदेत त्याने हे मांडलं तेव्हा सभागृहात आनंदाची लहर गेली. प्रत्येकाचे परीक्षेचे दिवस वाचणार होते.

ब्रादिनोव उठले. नोकरीचं शेवटचं वर्ष, सूट अंगावर सैल झालेला. "यात घोडासुद्धा पास होईल," ते म्हणाले. "खूर आपटला की चारातला एक पर्याय लागतोच."

मग मागून गेनोवेवा उठली. "लेकरं निदान त्यांच्यासमोर उभी राहून थरथरायची. यात तेही नाही. मी प्रोफेसरांशी सहमत आहे आणि मला त्याची लाज वाटते."

"मलाही," ब्रादिनोव तिच्याकडे न बघता म्हणाले.

लोक हसले. विरोधात दोनच हात वर झाले. मी तटस्थ राहिलो. सभा संपल्यावर दोघं एकाच दारातून बाहेर पडायची वेळ आली. ब्रादिनोव थबकले, मला वाटलं तिला वाट देतायत. तसं नव्हतं. ते मागे वळून दुसऱ्या दाराने गेले. त्यांच्या निरोपसमारंभाला सगळे होते, राकियाचे पेले होते, भाषणं झाली. गेनोवेवा आली नाही. तिला बोलावलंही नव्हतं.

मागच्या वसंतात मला त्या नर्सिंगच्या शाखेत काम निघालं. तिच्या वर्गाचं दार उघडं होतं आणि तिचा आवाज मैदानापर्यंत येत होता. भिंतींना काळे रंगवलेले दरवाजे टेकवलेले होते. ते तिने कुठून मिळवले कोण जाणे.

फळ्यावर स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रश्न होता. हजार बायका, त्यांतल्या दहा खरोखर आजारी. तपासणी दहातल्या नऊ पकडते, पण निरोगी बायकांतही दहातल्या एकीला उगाच आजारी म्हणते. मग जिचा निकाल आजारी आला, तिने कितपत घाबरावं? मुलींनी हिशेब केला होता: असे निकाल शंभरावर, त्यांत खऱ्या आजारी नऊच.

"म्हणून," गेनोवेवा म्हणत होती, "तुमच्या वॉर्डात एखादी बाई हा कागद घेऊन रडत आली तर तिला काय सांगाल? की बाई, बहुतेक काही नाही. बरोबर?"

"चूक," मागून एक मुलगी म्हणाली. जाडजूड, चष्मा, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच.

"कोण बोललं? हिशेब तर तूच केलास!"

"हिशेब बरोबर आहे. हजारात दहा हे चूक आहे. आमच्याकडे येतात त्या बायका रस्त्यावरून उचलून आणलेल्या नसतात, मॅडम. हाताला गाठ लागली म्हणून येतात. त्यांच्यात आजारी जास्तच असणार."

"मग किती धरायच्या?"

"ते मला माहीत नाही. पण दहा नाही. आणि तुम्ही सांगताय तसं मी त्या बाईला सांगितलं आणि ती घरी गेली, तर? तुम्ही येणार का तिच्या घरी?"

वर्गात कुणीतरी हळूच "अगं गप" म्हणालं. गेनोवेवा फळ्याकडे वळली.  मग तिने फडकं उचललं आणि स्वतः लिहिलेली शेवटची ओळ पुसली. दहा हा आकडाही पुसला, आणि ती जागा रिकामीच ठेवली.

"वॉर्डात जाऊन विचार," ती म्हणाली. "गाठ घेऊन येणाऱ्यांत किती निघतात ते. शुक्रवारी मला इथे आकडा पाहिजे. आणि वर्गात खायचं नाही."

"शुक्रवारी माझी ड्यूटी आहे."

"मग गुरुवारी."

मुली खुर्च्या सरकवत, तिच्या नावाने पुटपुटत बाहेर पडल्या. ती खडूचे हात झटकत दारापाशी आली आणि मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"तू इथे काय करतोस?"

मी म्हटलं, सहज, जाता जाता.

"सहज कुणी येत नाही इथे," ती म्हणाली आणि मला ओलांडून पुढच्या वर्गाकडे निघून गेली.